मापात शिवलेली खोळ

टेलरबाईच्या हाताला आमच्या गावात तोड नाही, आणि हे मी तिची मैत्रीण म्हणून सांगत नाही. मैत्री एकीकडे, माझ्या दुकानाचा पडदा शिवताना तिने मजुरीत कधी सूट दिलेली नाही. पण तिने शिवलेलं कापड कशालाही चढवा, बोट घालायला फट सापडणार नाही. "सैल काय, कोणीही शिवेल," असं ती म्हणायची. घरात वस्तू उघडी दिसली की तिचे हात शिवशिवायचे. मिक्सरला खोळ, रेडिओला खोळ, पाण्याच्या पिंपालाही झालरीची खोळ. तिचा नवरा म्हणायचा, "एका जागी फार वेळ बसायची मला भीतीच वाटते. माप घेईल."

नवरा म्हणजे आमचा ड्रायव्हर. गावातून बाहेर जाणारी एकुलती एक बस त्याने उभी हयात चालवली. धूर, धूळ आणि सिगारेटी, तिघांनी मिळून त्याची छाती खाल्ली. आता तो आतल्या खोलीत पलंगावर असतो, नाकात नळी, उशाशी मशीन. ते मशीन खोलीतलीच हवा ओढून घेतं, त्यातला प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीतून त्याला देतं. दिवसभर त्याची घुंई चालू असते. वीज गेली तर कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर आहे, पण तो फार वेळ पुरत नाही. मशीन आरोग्य केंद्राने वापरायला दिलंय. विजेचं बिल मात्र ज्याचं त्याने भरायचं.

बोलायला दम लागतो म्हणून ड्रायव्हरने बसमधली खूण घरात आणली होती. कंडक्टरने घंटी एकदा वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की चला. ड्रायव्हर चमच्याने पलंगाच्या दांडीवर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे हातातलं टाकून ये. दोन म्हणजे सगळं ठीक आहे, चालू दे तुझं. मी कापड द्यायला गेले की बाहेरच्या खोलीतून ती हाक मारायची, "बरे आहात ना?" आणि आतून टण टण. मग ती पुन्हा शिवायला लागायची.

त्या वर्षी महागाईने सगळ्यांचंच कंबरडं मोडलं. दुकान चालवणारीला हे कोणी सांगावं लागत नाही. तेलाची बाटली नेणारे पाउच न्यायला लागले, पाउच नेणारे "पुढच्या आठवड्यात बघते" म्हणायला लागले. बसचं भाडं वाढलं, गॅस वाढला, आणि विजेचा दर तर असा वाढला की बिल हातात घेऊन माणसं उगाच मागची बाजू बघायची. तेव्हा कोणीतरी येऊन माझ्या दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवून गेलं. ज्यांना वीज, इंधन, किराणा परवडेनासा झालाय त्यांनी गावच्या सभागृहात अमुक वारी यावं, मदत मिळेल. येणारा प्रत्येक जण तो कागद वाचायचा आणि मग मला विचारायचा, "हे कोणासाठी गं?" तुझ्यासाठीच, असं अगदी ओठांवर यायचं. पण गिऱ्हाईक तोडून कसं चालेल? सभागृहाला दर्शनी बाजूलाच मोठ्या खिडक्या आहेत. रांगेत कोण उभं आहे ते अख्ख्या रस्त्याला दिसतं. त्यामुळे कोणी जायचं नाही.

टेलरबाईने तो कागद माझ्यासमोर दोनदा वाचला.

"तू जा," मी म्हटलं. "तुझ्याइतकी गरज कोणाला आहे?"

"आणि सांगू काय? पहिलाच प्रश्न असतो, घरी काय करता."

"शिवते म्हणून सांग. पायाने शिवते."

"आणि चौकशीला घरी आले, ही घुंई कसली विचारलं तर? शिलाई मशीनच्या मोटरचाच आवाज वाटतो तो. पलीकडच्या गावात मीटरवाल्याने इस्त्रीवाल्याला विजेचा धंद्याचा दर लावला. बिल दुप्पट. तो बसला घरी हात चोळत."

तिच्या भीतीला अगदीच आधार नव्हता असं नाही. इस्त्रीवाल्याची गोष्ट खरी होती. त्या धसक्याने तिने शिलाई मशीनची मोटर विकून टाकली होती आणि गुडघे दुखत असताना पुन्हा पायाने मशीन हाकत होती.

"मग त्या लोकांना आत ने, नळी दाखव," मी म्हटलं.

"दाखवलं की म्हणतील, बिल झेपत नाही तर पेशंटला घरी कशाला ठेवता? शहरातल्या वॉर्डात टाका." तिने पदराची गाठ सोडून पैसे मोजले. "वॉर्डात यांच्या ठोक्याचा अर्थ कोणाला कळणार आहे?"

मी साखरेची पुडी बांधून तिच्या हातात दिली.

आणि मग तिला ती कल्पना सुचली. टेलरला सुचावी अशीच. तिने प्राणवायूच्या मशीनचं माप घेतलं. जुन्या रजईचे दोन थर आत घालून जाड खोळ शिवली, नळीपुरतं भोक ठेवलं, त्याला गोट लावला, खालून नाडी ओवली. चढवली आणि घुंई जवळजवळ बंद. मला दाखवायला बोलावलं होतं. "कान लावून बघ," म्हणाली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. खोळ अशी चपखल बसली होती की मशीन तिच्यासाठीच बनवलंय असं वाटावं. मी कौतुक केलं. ड्रायव्हरनेही दोन ठोके दिले.

आधी ती खोळ फक्त मीटरवाल्यासाठी होती. पण तो काय सांगून येतो? कधी महिन्याच्या सुरुवातीला, कधी मधेच. गल्लीच्या तोंडाला त्याची सायकल दिसली की ही आत पळायची. धावपळीत नाडी बसेना, म्हणून ती खोळ सकाळीच चढवायला लागली आणि संध्याकाळ झाली की काढायला लागली. ऊन तापायला लागलं होतं. एकदा आत डोकावले तेव्हा खोलीत गरम कापडाचा वास येत होता. पण त्या घरात इस्त्रीचा वास कधी नसतो? ड्रायव्हर पेंगत होता. "हल्ली दुपारी फार झोपतात," ती म्हणाली. "उन्हाळा आहे."

मीटरवाला आला तेव्हा मी तिथेच होते. पडद्याची कड उसवली होती, ती दाखवायला गेले होते. तिने खिडकीतून सायकल पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. आत जाऊन खोळीची नाडी आणखी आवळली, ड्रायव्हरला तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं, मधलं दार लावलं आणि रेडिओ मोठा केला. मग ओसरीवर येऊन उभी राहिली.

मीटरवाला वयाने तसा लहानच, घाम पुसत आला. मीटर ओसरीवरच आहे. त्याने आकडे टिपले, भुवया वर केल्या आणि म्हणाला, "मावशी, दोन माणसांच्या घराला वीज फार जाते तुमच्याकडे."

"फ्रीज जुना आहे," ती म्हणाली.

"फ्रीज एवढी खात नाही."

रेडिओवर कोणीतरी खतांची माहिती सांगत होतं. त्याच्या मागे मला एक बारीक, तुटक आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, पण तो रेडिओतला आहे की बाहेरचा, कळेना. तिनेही तो ऐकला असावा. तिने मान मागे वळवली आणि आवाज चढवून विचारलं, "बरे आहात ना?"

आतून टण. थोडं थांबून, टण.

तिचे खांदे खाली आले. "फ्रीजच असेल," ती मीटरवाल्याला म्हणाली. "नवीन कुठून आणायचा?" तो वहीत काहीतरी लिहीत निघाला. तो पायऱ्या उतरला तशी तिने रेडिओ बंद केला. आणि मग तो आवाज नीट ऐकू आला. रजईच्या आतून, गळा दाबल्यासारखी पिप पिप.

मधलं दार तिने उघडलं नाही, जवळजवळ पाडलं. ड्रायव्हर उशीवर तिरका कलला होता. ओठ जांभळे, डोळे अर्धवट. चमचा अजून हातात होता. मशीन तापून बंद पडलं होतं. ओढायला त्याला हवाच नव्हती, कारण तिने कुठे फट ठेवली नव्हती.

ती नाडी सोडायला गेली. गाठ सुटेना. खोळ वर ओढली, निघेना. तिने कापडाची मोठी कात्री उचलली आणि स्वतः शिवलेली ती खोळ वरपासून खालपर्यंत उभी चिरली. गरम हवेचा लोट बाहेर आला आणि पिप पिप सगळ्या घरभर झाली.

ती ऐकून मीटरवाला परत आला. तो दारात उभा दिसला तरी तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सिलिंडर," ती मला म्हणाली, "कोपऱ्यातला." तोवर त्यानेच तो उचलून पलंगाशी आणला होता. तिने नळी सिलिंडरला जोडली. ड्रायव्हरच्या छातीकडे बघत आम्ही तिघं उभे होतो. ती हलतेय की नाही हेच मला कळत नव्हतं. मग हलली.

माझा मालाचा टेम्पो दुकानासमोर होता. मागे पोत्यांवर त्याला आडवा घातला. मीटरवाला सिलिंडर मांडीवर घेऊन बसला, ती नवऱ्याचं डोकं धरून. सिलिंडरचा काटा खाली येत होता आणि मी आरोग्य केंद्राकडे असा टेम्पो हाकला की शुद्धीवर असता तर ड्रायव्हरनेच मला शिव्या घातल्या असत्या. मधली काच उघडी होती, मागचं ऐकू येत होतं.

"हे मशीन कधीपासून आहे घरात?" मीटरवाल्याने विचारलं.

"मागच्या हिवाळ्यापासून." आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं?

त्याने सिलिंडरचा काटा पाहिला. मग म्हणाला, "मी दर महिन्याला येतो, मावशी. मला कधी ऐकू आलं नाही."

"येऊच दिलं नाही."

"श्वासाचं मशीन असलेल्या घराला दर कमी लागतो. बिल थकलं तरी लाइन तोडत नाहीत. चालू मशीन मी डोळ्यांनी बघायचं आणि तसं कळवायचं, एवढंच असतं."

मी आरशात पाहिलं. ती नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

ड्रायव्हर वाचला. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने त्याला ठेवून घेतलं आणि टेलरबाईला असं काही फैलावर घेतलं की शेवटी मीच मधे पडले. त्या सिस्टरला रजईच्या आतली भीती काय ठाऊक? तो घरी आल्यावर मी टेलरबाईला घेऊन सभागृहात गेले. मोठ्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिलो. तिची मान खाली होती, म्हणून मी माझी वर ठेवली आणि रस्त्यावरून जो बघेल त्याच्याकडे रोखून बघितलं. पुढच्या आठवड्यात रांगेत आणखी काही जण होते. मीटरवाल्याने कळवलं आणि दर कमी झाला. बिल अजून जड आहे, पण भरता येतं.

एकदा ती नसताना मी ड्रायव्हरला विचारलं, "दम कोंडला होता तर एक ठोका द्यायचा. दोन का दिलेस?"

त्याने दोन श्वास घेतले. "तो मीटरवाला... उभा होता ना," म्हणाला. "तिचं... बिघडलं असतं."

हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलेलं होतं.

आता मशीन उघडं असतं. त्याची घुंई माझ्या दुकानापर्यंत येते आणि वीज गेली की सगळी गल्ली एकदम कान टवकारते. मिक्सरची, रेडिओची, पिंपाची, घरातल्या सगळ्या खोळी तिने काढून टाकल्यात. चमचा मात्र पलंगावरच आहे. एक ठोका पडला की ती धावते. दोन पडले तरी ती शिलाई मशीन थांबवते, सुई कापडातच ठेवते आणि उठून आत बघून येते.