हेमराज संग प्राची

दवनीवाड्यात लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी सुकराम पेंटरला बोलावणं जायचं. घराच्या दर्शनी भिंतीवर नवरानवरीची नावं लिहायची, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं की या घरी सून येणार. सुकरामची अक्षरं जाडजूड, गोल, पोट सुटलेली. जेवून उठलेल्या वऱ्हाड्यांसारखी ती एकमेकांना रेलून बसत, आणि बघणारा हसल्याशिवाय पुढे जात नसे.

पण ही अक्षरं तो वाटेल तिथे खर्ची घालत नसे. लग्नाची भिंत, अंगणवाडी, बर्फगोळ्याची गाडी, बस्स. शब्दही तीनच्या वर नकोत, नाहीतर गर्दीत एकालाही धड श्वास घेता येत नाही. तेरवीचा फलक कुणी आणला, तर तो बारीक, सरळ अक्षर काढी. मेलेल्या माणसाच्या नावाला पोट कसलं?

त्याची स्वतःची भिंत मात्र कोरीच. भाऊ-भावजय लवकर गेले, त्यांच्या हेमराजला वाढवता वाढवता सुकरामचं लग्नाचं वय निघून गेलं. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्या भिंतीवर हेमराजचं नाव येणार होतं. दर दिवाळीला चुना मारताना तो वितीने जागा मोजून ठेवी. एवढ्या एका लग्नासाठी तो थांबला होता.

हेमराज पुण्यात नोकरीला लागला आणि त्याचं तिथल्याच प्राचीशी जमलं. फोनवर तो म्हणाला, "मोठेबाबा, लग्न गोंदियाच्या लॉनमधी हाये. भिंतीवर कायले लिहून राहिले? गावात कोन येते पाहाले?"

लॉनच्या फाटकावर फ्लेक्स होता. अक्षरं कम्प्युटरची, पण तशीच गुबगुबीत. नावं छान दिसत होती, हे सुकरामला कबूल करावंच लागलं. पुढे जेवणाचा सगळा बेतही त्याच अक्षरांत छापला होता, आणि म्हातारी माणसं तो वाचताना घामाघूम होत होती. सुकराम मनातून खूश झाला. ती खुशी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. नवरानवरी लॉनवरूनच स्टेशनला गेली, पुण्याची गाडी पकडायला, आणि तो एकटाच बसने गावी परतला.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंत लिहिलीच. हेमराज संग प्राची. इतका जीव ओतून त्याने एकही भिंत रंगवली नव्हती.

चौथ्या दिवशी निर्मलाबाई नावाची बाहेरगावची बांगडीवाली भिंत वाचून दाराशी टोपली उतरवून बसली.

"नव्या सुनेले बलावा ना, बाबा."

"माहेरी गेली हाये," सुकराम खोटंच बोलला. मग त्याने हिरव्या बांगड्यांकडे बोट केलं. "दोन डझन द्या. आली का घालते."

"मापाच्या लागतीन ना. हात कसा हाये तिचा?"

भिंतीवर कुठलं अक्षर किती वितींत बसेल, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. सुनेचा हात त्याने लॉनवर एकदाच पाहिला होता, ती पाया पडताना, तोही मेंदीने भरलेला. तो दारात उभा राहून आठवत राहिला.