लाल दिव्यापाशी थांबलेली सायकल

आमच्या गावचा रस्ता मुंबई-पुणे हमरस्त्याला जिथं मिळतो, तिथं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एक सिग्नल बसला. त्याचा नकाशा माझ्या हातचा होता. हातचा म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं आखायचा आणि मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवायचा, एवढंच. पण हे बारकावे मी घरी कुणाला सांगत बसले नाही. ड्राफ्ट्समनचा कोर्स करून रस्त्यांच्या ऑफिसात लागलेली मी गावातली पहिली मुलगी, आणि ते मला चांगलंच चढलं होतं.

सिग्नल साधासुधा नव्हता. हमरस्त्याला तो एरवी हिरवाच असायचा. आमच्या बाजूला डांबरात एक जाड रबरी पट्टी बसवलेली होती. तिच्यावर गाडीचं वजन पडलं की खांबाजवळच्या पेटीत खबर जायची आणि थोड्या वेळानं गावच्या रस्त्याला हिरवा मिळायचा. गावाकडून कुणीच येत नसेल तर हमरस्त्यावरचे ट्रक उगाच खोळंबायला नकोत, हा हेतू. साहेब कौतुकानं म्हणायचे, हा विचार करणारा सिग्नल आहे. मी घरी तेच सांगायचे, वर थोडं तिखटमीठ लावून.

माझे वडील, आबा, हमरस्त्याच्या पलीकडच्या कारखान्यात हेल्पर होते. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या मशिनपाशी माल नेऊन ठेवायचा आणि तयार झालेला उचलायचा, हे त्यांचं काम. त्या वर्षी हेल्परांमधून ऑपरेटर घेणार होते. काम तर आबांना बघून बघून पाठ झालं होतं. अट एकच होती, सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त लेट मार्क नकोत. आबांचा तोवर एकही लागलेला नव्हता. "सकाळी गेलं की आपल्या हातानं मशिन चालू करायचं," जेवताना ते म्हणायचे, आणि ताटातच अंगठा दाबून दाखवायचे. आई म्हणायची, भात आहे तो, बटन नव्हे.

सिग्नल सुरू झाला आणि आबा घरातून लवकर निघायला लागले. आधी दहा मिनिटं, मग वीस. आईनं विचारलं तर म्हणाले, उन्हाळा आहे, गार वेळेला जावं. मला ते पटलं. मी नऊच्या बसनं जाणारी. सकाळी साडेसहाला चौकात काय चालतं, याची मला गंधवार्ताही नव्हती.

दोनेक महिन्यांनी साहेबांनी चौकाची मोजणी लावली आणि घर जवळ म्हणून पहिल्या शिफ्टची वेळ माझ्या गळ्यात पडली. तक्त्यात वाहनांचे प्रकार आणि पुढं दोन रकाने: हिरव्यावर गेले, लालवर गेले. मी पाटी घेऊन कोपऱ्यावर उभी राहिले. सायकलींचा लोंढा आला. पट्टीवरून एकामागून एक सायकली गेल्या, पण आमच्या बाजूचा लाल काही हलेना. सायकलीच्या वजनानं ती पट्टी दबतच नव्हती! नकाशा गिरवताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि साहेबांच्याही नाही. बाकीच्यांना मात्र ते पहिल्याच दिवशी उमगलेलं दिसत होतं. ट्रकांमध्ये फट दिसली की दहा-वीस जण एकदम घुसायचे आणि पलीकडे व्हायचे. मी लालच्या रकान्यात रेघा मारत सुटले.

लोंढा ओसरला. लाल दिव्यापाशी एकच सायकल उरली. एक पाय जमिनीवर टेकवून, डबा हँडलला अडकवून आबा उभे होते.

त्यांनी मला पाहिलं होतं, पण ओळख दाखवली नाही. मी ड्युटीवर आहे ना! मीच धावत गेले.

"आबा, इथं काय करताय? भोंगा होईल आता."

"लाल हाय."

"सगळे गेले की!"

"जाऊ दे. तू काढलेला सिग्नल हाय. मीच मोडला तर लोक काय म्हनतील?"

"अहो, त्याला सायकल कळत नाही!"

आबा जरा गोंधळले. "तू म्हनली व्हतीस, त्यो इचार करतो. म्हटलं, करंल आज ना उद्या."

मला इतका राग आला की कुणाचा आला ते कळेना. त्यांचा, साहेबांचा, त्या पेटीचा. "माझी शपथ आहे, जा," असंही म्हटलं. ते जागचे हलले नाहीत. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. मग मागून कुणाची तरी म्हैस रमतगमत आली, पट्टीवर चारी पाय देऊन उभी राहिली, आणि थोड्या वेळानं आमच्या बाजूला हिरवा लागला. आबा माझ्याकडे बघून हसले आणि म्हशीच्या मागोमाग निघून गेले. हिरव्याच्या रकान्यात मी एक सायकल लिहिली.

ऑफिसात साहेबांनी तक्ता पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "या लोकांना शिस्त म्हणून नाही. हवालदार उभा करायला हवा." मी म्हटलं, "साहेब, शिस्त पाळणारा एक होता. त्याला लेट मार्क लागला." मग पट्टीचं सगळं सांगितलं. साहेब भला माणूस. त्यांनी चूक लगेच कबूल केली. शिफ्टच्या वेळेला पेटीतल्या घड्याळानंच गावच्या रस्त्याला हिरवा द्यायचा, असं ठरलं. वर म्हणाले, "कोण तो माणूस? नाव सांग. कारखान्यातले अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत, चूक आमची आहे म्हणून आत्ता फोन करतो."

शेजारच्या टेबलांवरचे सगळे बघत होते. ऑफिसात मी 'वडील कंपनीत आहेत' एवढंच सांगितलेलं होतं. त्यावरून कुणी त्यांना सुपरवायझर समजलं, तर समजू देत असे.

मी म्हटलं, "माहीत नाही साहेब. असेल कुणीतरी हेल्पर."

संध्याकाळी आबा वाटच बघत होते. "साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. दुरुस्त करणार आहेत."

"मी थांबलो व्हतो, ते?"

"तेही."

"नाव इचारलं का?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं," मी म्हटलं.

आबा आईला म्हणाले, "ऐकलंस का? पोरीच्या साहेबाला आपलं नाव ठावं झालं." त्या रात्री ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

घड्याळ बसायला महिना गेला. तोवर ते अंधारातच निघायचे आणि एखादी बैलगाडी गाठून तिच्यामागून पलीकडे जायचे. तरीही एकदा चुकलंच. ऑपरेटरांची यादी लागली तेव्हा त्यांचे चार लेट मार्क झाले होते. पहिले दोन कधी लागले, ते त्यांनी घरी कळू दिलं नव्हतं; तिसरा माझ्या डोळ्यांदेखतचा. एका फोनचं काम होतं, आणि तो फोन मी होऊ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन खरं सांगायचं, असं मी रात्रभर ठरवलं. सकाळी गेले, टेबलाशी उभी राहिले, आणि दुसऱ्याच एका नकाशाबद्दल विचारून परत आले.

आबा हेल्परच राहिले. यादी लागली त्या संध्याकाळी सायकल भिंतीला लावून ते ओट्यावर बसले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी सगळा तांब्या रिकामा केला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. मला का उशीर झाला, ते तुझ्या साहेबाला तरी ठावं हाय. तेवढं बास झालं मला."