डूख आणि डाऊनलोड

तलवाड्याच्या शिवारात उत्तरेश्वरआण्णाशी वाकडं घेऊन सुखानं झोपलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. उभी हयात त्यानं गेवराईच्या मोंढ्यात धान्य तोलण्यात घालवली. तिथं एका आडत्यानं चारचौघांत त्याच्याकडं बोट करून 'हा काटा मारतो' म्हटलं. आण्णा तेव्हा हूं की चूं बोलला नाही. पुढं कैक वर्षांनी त्याच आडत्याच्या पोराच्या लग्नात तो पंगतीला बसला आणि पहिला घास घेऊन भरल्या पानावरून उठला. काय झालं म्हणून माणसं धावली, तर वऱ्हाडादेखत म्हणाला, "भाजीत मिठाचा काटा मारलाय." असा हा माणूस. रागावून ओरडणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो डूख धरायचा आणि दुभत्या म्हशीसारखा सांभाळायचा.

अलीकडं त्याचा सगळा डूख चुलतभाऊ आप्पारावावर होता. दोघांची वावरं लागून. मधला बांध आप्पारावानं ट्रॅक्टर लावून कोरला आणि आपली हातभर जमीन गिळली, असं आण्णाचं म्हणणं. बायको ताराबाई होती तोवर दोन घरांत निदान वाटीभर कालवण तरी जायचं-यायचं. ती दिवाळीच्या तोंडावर आजारानं गेली आणि आण्णाला आवरणारं घरात कुणी उरलं नाही. दिवस घालून झाले तसा त्यानं तालुक्याला अर्ज ठोकला.

पुराव्याची त्याला काळजी नव्हती. विहिरीवरची मोटर चोरीला जाऊ नये म्हणून जावयानं कडुलिंबावर सोलरचा कॅमेरा बसवून दिला होता. आण्णानं पहिल्याच आठवड्यात शिडी लावली आणि कॅमेऱ्याचं तोंड मोटरीवरून बांधाकडं वळवलं. मोटर गेली तर दुसरी घेता येते, बांध कुठून आणणार? पुण्याला असलेल्या सुरेखानं, म्हणजे त्याच्या लेकीनं, आपला जुना लॅपटॉप दिला होता. कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं त्यात भरून ठेवायचं एवढं तो शिकला. पुसायचं कसं हे सुरेखा सांगायला लागली तेव्हा मात्र त्यानं कान दिला नाही. पुरावा कुणी पुसतं होय?

ट्रॅक्टर फिरला त्या दिवशी तो गेवराईला गेलता. परत येऊन त्यानं चित्रण लावलं. ट्रॅक्टर बांधाला भिडला आणि आप्पाराव कमरेवर हात ठेवून उभा राहिला, एवढं दिसलं मात्र, आण्णाचं डोकं असं सणकलं की त्यानं लॅपटॉप मिटून टाकला. पुढचं बघवलं नाही, आणि बघायची गरजही वाटली नाही.

सुनावणी शुक्रवारी दुपारी होती, ऑनलाईन. तहसीलदार साहेब तिकडं तालुक्याला, आप्पाराव त्याच्या घरी, आण्णा आपल्या घरी, आणि मधोमध सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो ट्रॅक्टर. आण्णाला नुसत्या विचारानं भूक लागायची. त्यानं आप्पारावाच्या व्याह्यालासुद्धा निरोप धाडला होता, की शुक्रवारी जरा मोकळे राहा, बघण्यासारखं हाय.

आणि मेलं सुनावणीचं ॲपच उघडेना. लॅपटॉपची सिस्टिम जुनी झाली, नवी घ्या, म्हणे. फोनवर बोलता आलं असतं, पण चित्रण होतं लॅपटॉपात. आण्णानं नवी सिस्टिम डाऊनलोडला लावली. चाक फिरायचं, आकडा चढायचा, अर्ध्याच्या पुढं जाऊन अडायचा, इंग्रजीत चार ओळी यायच्या आणि सगळं मुसळ केरात. त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. माळवदावर नेऊन बघितला. मोबाईलचं नेट जोडून बघितलं. फडक्यानं पुसलासुद्धा. आकडा काही पुढं सरकेना.

तेव्हा आण्णाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नेटची वायर आप्पारावाच्या वावराच्या कडेनं येते. दुसरं कोण असणार? मोबाईलच्या नेटवरही गाडं तिथंच अडलं होतं, त्याला वायर लागत नाही, हे त्याला कुणीही सांगितलं असतं. पण डूख धरलेल्या माणसाला असली गणितं घालून उपयोग नसतो. त्यानं घरी डाऊनलोड लावून ठेवलं, बाज उचलली आणि वायरीच्या खांबाला खेटून टाकली. दिवसभर उन्हात राखण. आप्पाराव बैल घेऊन जाता-येता बघत होता. शेवटी न राहवून त्यानं, आण्णा उन्हात कशाला बसलाव, म्हणून विचारलं. तुझा शुक्रवार राखत बसलोय, असं सांगून आण्णानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं आप्पारावाची बायको तुळजाबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेली. त्याला त्यानं हात लावला नाही. घरी येऊन बघतो तर डाऊनलोड त्याच जागी मेलेलं.

नाइलाजानं त्यानं सुरेखाला फोन लावला आणि त्या इंग्रजी ओळी एकेक अक्षर करून वाचून दाखवल्या. ती आधी हसली, मग वैतागली. नेटला काही झालेलं नव्हतं आणि आप्पाकाकानंही काही केलं नव्हतं. लॅपटॉपात तीळभर जागा उरली नव्हती, नवी सिस्टिम उतरणार कुठं? सगळी जागा त्या बांधाच्या चित्रणानं खाल्ली होती. ट्रॅक्टरच्या दिवसाचं तेवढं ठेवा आणि बाकीचं पुसा, असं तिनं बजावलं, आणि कसं पुसायचं तेही आता सांगितलं.

शुक्रवारी सकाळी आण्णा पुसायला बसला. फायलींना नुसते नंबर, म्हणून एकेक उघडून बघावी लागायची. बांध. बांधावर बगळा. बांधावर कुत्रं. वाऱ्यावर डुलणारी ज्वारी. आणि घडोघडी बांधावर येऊन डोळे वटारून उभा असलेला एक म्हातारा, म्हणजे तो स्वतःच. आप्पारावानं बांधाला पाय लावलेला कुठं सापडेना. आण्णा शिव्या देत पुसत गेला.

मग ट्रॅक्टरचा दिवस आला. साहेबांपुढं कुठून दाखवायचं ते ठरवावं म्हणून त्यानं काळीज घट्ट केलं आणि या वेळी बंद केलं नाही. ट्रॅक्टर थांबला. विहिरीकडून कुणीतरी हात हलवत येत होतं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. ताराबाई.

ती सरळ ट्रॅक्टरपुढं आली. बांधाच्या पलीकडं आण्णाच्या वावरात हातभर आत सरकली, वाकली आणि हातानं माती उकरायला लागली. आप्पाराव नको नको करत होता. ती उकरतच राहिली. खालून हद्दीचा दगड निघाला. तिनं त्यावरची माती पदरानं झटकली आणि ट्रॅक्टरवाल्याला बोटानं रेघ दाखवली, इथून. आप्पारावानं तिला हात जोडले.

बांध कोरला होता तो आण्णानंच, आदल्या साली. दगड खोल गाडून वर माती चोपली होती, आणि त्या वेळी फावडं द्यायला ताराबाईच होती. तिनं तेव्हा तोंड उघडलं नव्हतं.

आण्णा मोकळ्या घरात बोलला, "फितूर झालीस गं." त्याला तिचा राग आला. पण डोकं चालूच होतं. पहिली पंधरा मिनिटंच दाखवायची. ती येते त्याच्या आत बंद. काम फत्ते.

मोकळी जागा मिळाली तशी सिस्टिम गपगुमान उतरली आणि दुपारच्या आत चढलीसुद्धा. ॲप उघडलं. एका चौकटीत साहेब, एकीत आप्पाराव, त्याच्या मागं भिंतीला टेकून व्याही. साहेबांनी आधी आप्पारावाला विचारलं, की बांध तिथून घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं, हद्द दाखवणारं त्या वेळी कुणी हजर होतं का.

आप्पाराव खाली बघत राहिला. "न्हाई साहेब," तो म्हणाला. "मीच लावला ट्रॅक्टर. दुसरं कुणीबी नव्हतं."

आण्णाला कळलं. तिनंच त्याला शपथ घातली असणार, माझं नाव आण्णाला कळू देऊ नको म्हणून. आणि हा गडी, ती गेल्यावरसुद्धा, व्याह्यादेखत चोर ठरायला तयार होता. म्हणजे जिंकायचं ते आण्णानं, आणि मोठा व्हायचा तो आप्पाराव. हे त्याला सोसलं नाही.

"साहेब, हा खोटं बोलतोय," आण्णा म्हणाला. "दुसरं कुणीतरी होतं."

त्यानं चित्रण लावलं आणि थांबवलं नाही. ताराबाई आली, वाकली, माती उकरली, बोट दाखवलं. आप्पारावानं चौकटीतच डोळ्यांवर हात धरला. साहेबांनी चष्मा वर केला आणि या बाई कोण म्हणून विचारलं.

"आमची मंडळी," आण्णा म्हणाला. "दगड मी गाडलता. तिनं काढून दिला."