बोयमुरोद-आका आणि जळणारा गॅस

बोयमुरोद-आका, म्हणजे सगळ्यांचे दादा, गॅसला घाबरतात असं कुणी म्हटलं असतं, तर कार्शीच्या टॅक्सी स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर पोट धरून हसले असते. या माणसाचं निम्मं आयुष्य गॅसवर बसून गेलं होतं, आणि हे अगदी शब्दशः खरं. कार्शी ते गुझार अशी त्यांची छोटी व्हॅन चालायची, आणि मिथेनचे सिलिंडर सीटखाली आडवे बांधलेले असायचे. पंपावर उतारू नियमाप्रमाणे फाटकाबाहेर उतरून सावली शोधत. आका मात्र नळीपाशी उभे राहून पंपवाल्याशी कलिंगडांविषयी गप्पा मारत. घरी बायकोच्या, म्हणजे साऱ्या गल्लीच्या मावशी अनोरगुल-खोलांच्या, शेगडीला आणखी एक सिलिंडर होता. तो त्यांनी पाळण्याच्या दोरीने खिडकीला बांधून ठेवला होता, पडू नये म्हणून.

घरातला एसी सोव्हिएत काळातला, खिडकीत बसवलेला. तो सुरू झाला की अंगणात ट्रॅक्टर शिरल्यासारखं वाटे आणि बोलणारे आपोआप ओरडून बोलू लागत. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी होल्योर मिस्त्री येई, त्यात गॅस भरी, चहा पिई आणि पुढच्या वर्षीचा वायदा करून जाई.

त्या वर्षी होल्योर आला तो हात हलवत. मधल्या काळात तो ताश्कंदला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला होता, आणि तेव्हापासून त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलायची सोय राहिली नव्हती. त्याने सांगितलं की जुना गॅस आता बाहेरून येत नाही. बाजारात त्याच्या नावाने जे विकतात त्यात काय असतं ते देवालाच ठाऊक. शिवाय तो गॅस सुटला की वर चढून आभाळातलं उन्हापासून वाचवणारं कवच खातो. आकांनी मान वर करून पाहिलं. आभाळ होतं तिथेच होतं, नेहमीसारखं पांढरटलेलं.

अनोरगुल-खोलांनी ही हकिकत फोनवर समरकंदला लेकीला सांगितली. ओयदिन तिथे सासरी राहून शाळेत शिकवायची. थोड्याच दिवसांत समरकंदहून आलेल्या एका ट्रकवाल्याने दारात मोठं खोकं उतरवलं. नवा एसी, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा. आकांनी खोकं उघडलं, यंत्रावर हात फिरवला, आणि त्यांचं बोट एका चिठ्ठीवर थांबलं. चिठ्ठीवर ज्वाळेचं चित्र होतं.

होल्योरने आनंदाने सांगितलं की यात प्रोपेन आहे. आभाळाला त्याचा काही त्रास नाही, वीजही कमी लागते.

"म्हणजे आभाळ वाचवायला माझं घर पेटवायचं," आका म्हणाले.

"आका, सगळा मिळून एका चहाच्या किटलीत मावेल एवढा गॅस आहे यात. खोलांच्या शेगडीचा सिलिंडर बघा, त्यात हाच गॅस आहे. आणि तुमच्या गाडीत तर..."

"गाडीचं गाडीपाशी. मी काय गाडीत झोपतो?"

दुपारी स्टँडवर आका गाडीतच झोपत, सीटवर आडवे, तोंडावर टोपी ठेवून. हे साऱ्या कार्शीला माहीत होतं, पण ते बोलून दाखवायला कुणी धजलं नाही.

मग आकांनी तोड काढली. नव्या यंत्रातला गॅस काढून टाकायचा आणि त्यात जुना, न जळणारा गॅस भरायचा. होल्योरने कपाळाला हात लावला. ज्या यंत्राला जो गॅस तोच, तुमच्या गाडीत कुणी डिझेल ओतलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. आकांना तुलना आवडली नाही. खोकं व्हरांड्यात गेलं आणि खोला त्याच्यावर खरबुजं चिरू लागल्या.

ऐन चिल्ल्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत कडक दिवसांत, जुन्या एसीने शेवटचा आचका दिला. आता आवाजही नाही आणि गारवाही नाही. आका भिजवलेली चादर अंगावर घेऊन पडून राहिले आणि पूर्वी लोक असेच राहायचे, हे सांगू लागले. खोलांनी ते ऐकून घेतलं. एके सकाळी नान तोडता तोडता त्या शांतपणे म्हणाल्या, "ओयदिनचे बाबा, तुम्ही जाळाला भीत नाही. तुम्ही व्याह्याला भिता."

आकांनी पेला खाली ठेवला आणि गाडीची किल्ली घेऊन ते बाहेर पडले. व्याही नोर्मामात माणूस वाईट नव्हे, पण त्यांनी लग्नात दिलेल्या एका गालिच्याची आठवण ते अजून प्रत्येक भेटीत काढत. गालिच्याची ही कथा, तर लेकीच्या सासरहून एसी घेतल्यावर काय होणार? उरलेला जन्म त्या गार हवेत मान खाली घालून बसावं लागणार. त्या दिवशी विचारांच्या नादात आका गाडीतल्या एका म्हातारीचं गाव मागे टाकून गाडी पुढे घेऊन गेले आणि परत येईपर्यंत तिच्या शिव्या खात राहिले.

महिनाअखेरीस ओयदिन बाळाला घेऊन आली. बाळाची पाठ घामोळ्यांनी लाल झाली आणि ते सबंध दुपार रडलं. आका त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते. हात भरून आला तसा त्यांनी हात बदलला, मग पुन्हा बदलला. शेवटी फोन उचलून होल्योरला म्हणाले, "ये. पण शेगडीपासून लांब बसव."

होल्योरने आधी जुन्या यंत्रात उरला होता तेवढा गॅस पंपाने आपल्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, मग नवा एसी भिंतीवर उंच लावला आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस फासून बुडबुडा येतो का पाहिलं. तो पाहून झाल्यावर आकांनी स्वतः फेस फासून पुन्हा पाहिलं. बाळ झोपलं. आका मात्र अंगणातल्या लाकडी तख्तावर बसून राहिले. यंत्राला जरा रुळू द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग बाळाच्या अंगावर पांघरूण आहे की नाही ते बघायला म्हणून ते आत गेले. खोला चहा घेऊन आल्या तेव्हा बाळाशेजारी त्यांचं घोरणं चाललं होतं.

हिवाळ्यात, देशाला गॅस पुरवणाऱ्या आमच्या या जिल्ह्यात, नेहमीप्रमाणे नळाचा गॅस मंदावला. शेगड्या निरांजनासारख्या मिणमिणू लागल्या. वीज टिकून होती, तेवढं नशीब. आकांची खोली उबदार होती, आणि नेमके तेव्हाच समरकंदहून नोर्मामात आले. त्यांनी कोट काढला, नजर वर एसीकडे टाकली, आणि आका लगबगीने त्यांच्यासाठी उशी मांडू लागले.

"सून सांगत होती तुम्ही हा घेतलात म्हणून," नोर्मामात म्हणाले. "धाडसी आहात, व्याही. मला फार वाटतं घ्यावासा, पण त्यावर जाळाचं चित्र असतं म्हणे. तुम्हाला भीती नाही वाटली?"

आकांनी बायकोकडे पाहिलं. खोला किटलीत काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारख्या आत डोकावत होत्या.

पुढचा तासभर आका बोलत होते. प्रोपेन, साबणाचा फेस, आभाळाचं कवच, सगळं. होल्योरचं प्रशिक्षण त्यांना होल्योरपेक्षा बरं पाठ झालं होतं. नोर्मामात मान डोलवत ऐकत राहिले, आणि गालिच्याचा विषय निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर आकांनी लेकीला फोन लावला. ओयदिनने सरळ सांगितलं की शिकवण्या घेऊन साठवलेल्या आपल्या पैशांतून तिने ते यंत्र घेतलं होतं. सासरी बाबांनी घेतलं एवढंच सांगितलं, जास्त कुणी विचारलंच नाही.

आकांना काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांनी बाळाला दात आले का ते विचारलं.

"दोन आलेत," ती म्हणाली.

"वरचे की खालचे?" आकांनी विचारलं, आणि मग कितीतरी वेळ ते दातांविषयीच बोलत राहिले.