मामांच्या कानातल्या मरणाऱ्या पेशी

माझे मामा दौंडजवळ झेंडू लावतात. त्यांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. कानात कापसाचा बोळा असायचाच, आणि गप्पा मारायच्या तर समोरच्याला ते उजवीकडे बसवायचे. ही त्यांची सवयच, असं आम्ही धरून चाललो होतो.

पॅथॉलॉजीत एमडी करताना मला प्रबंधाला विषय मिळाला तो नेमका कानाचा. काहींच्या मधल्या कानात कातडी वाढते. तिच्या मेलेल्या पेशी आत साचत जातात आणि शेजारचं हाड कुरतडलं जातं. या आजाराला कोलेस्टेटोमा म्हणतात. मरायला निघालेल्या पेशीत कॅस्पेज-थ्री नावाचं एक प्रथिन जागं होतं. ते हुडकून रंगवलं की ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसते, बाकीच्या निळ्या. कुठल्या थरात किती पेशी मरतात, ते मला बघायचं होतं. पण दोन महिने एकही तपकिरी ठिपका नाही. तुकड्याचा पातळ काप लावलेली प्रत्येक काच निळीशार.

त्याच सुमारास मामा-मामी तळेगाव ढमढेऱ्याला आमच्या घरी आले. मी मामांच्या शेजारी बसले आणि दचकलेच. कानाच्या ओपीडीत ओळखीचा झालेला तोच कुजकट वास!

"मामा, माझ्याबरोबर पुण्याला चला. कान दाखवू."

"आता काय नवीन हाय त्यात? जलमभर वाहतोय."

"आतलं हाड खात असेल ते. वेळ गेली तर मेंदूपर्यंत जातं."

मामींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "उद्याच न्या ह्यांना."

स्कॅनमध्ये माझी शंका खरी ठरली आणि ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनमध्ये निघणाऱ्या तुकड्यातला थोडा भाग अभ्यासाला वापरायची परवानगी मागायला मी फॉर्म घेऊन मामांच्या खाटेपाशी गेले.

"माझ्या कानातली घाण पायजे तुला?" मामा हसत सुटले. "घे की! फुलं मागितली असतीस तर एवढा कागद न्हाई लागला असता." आणि झोकात सही ठोकली.

रंग लावण्याआधी काचा द्रावणात बुडवून खूप तापवाव्या लागतात, तरच प्रथिन सापडतं. त्यासाठी आमच्या लॅबमध्ये साधा प्रेशर कुकर होता. मामांची काच आत ठेवली त्या दिवशी मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत त्याच्यापाशी उभी राहिले. वाफ झाकणाच्या कडेनं फुसफुसत निघून जात होती. रिंग सैल झालेली! म्हणजे दोन महिने काचा पुरेशा तापतच नव्हत्या. घरच्या कुकरचं असं झालं असतं तर मला दुसऱ्या खोलीतून कळलं असतं. धावत जाऊन नवी रिंग आणली आणि नव्या काचांवर सगळं पुन्हा केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. खाली निळ्या पेशींची रांग, आणि वरच्या थरांत तपकिरी, तपकिरी, तपकिरी! मी इतक्या जोरात ओरडले, की गाईड मॅडम चष्मा शोधतच आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आता तुझा प्रबंध सुरू झाला."

पुढच्या आठवड्यात मामा कान तपासून घ्यायला आले, तेव्हा मॅडमना विचारून त्यांना लॅबमध्ये नेलं. डोळा कुठं लावायचा ते जमेपर्यंत पाच मिनिटं गेली.

"दिसलं! हे मातकट ठिपकं काय गं?"

"मरायला निघालेल्या पेशी. तुमच्याच."

"आन् निळं?"

"त्या काढल्या तेव्हा जिवंत होत्या. खालून नव्या येतात, वर येऊन मरतात. पण कानाच्या आत पडल्यावर बाहेर जायला वाट नाही, म्हणून ढीग होतो."

मामा डोळा काढेनात. "मेलेल्यांनी एवढा उच्छाद मांडला व्हय माझ्या कानात!"

ऐकू कितपत येईल, ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. पण कान कोरडा होता आणि आजार मुळासकट निघाला होता. मामा बाहेर गेले आणि बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना सांगताना त्यांचा आवाज मला ऐकू आला, "भाचीनं माझा कान काचंवर लावलाय. जावा, बघून या!"

क्षणात दारात तिघं उभे. मी घाबरून मॅडमकडे बघितलं. त्यांनी हसून खुर्ची मागे सरकवली. "मामांचीच परवानगी आहे. दाखव."