साहेबाला दाखवायचं बीळ

बायको जाऊन नऊ महिने झाले. रडू आलं नाही. दहाव्याला लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आता फुटेल, मग फुटेल. मी बसून राहिलो. वाढलं तेव्हा जेवलो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट फक्त तिला आणि मला माहीत होती. आता एकट्या मलाच माहीत आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीला लागून. गाव आणि खाडी यांच्या मधे शेतं, आणि शेतं आणि खाडी यांच्या मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात. तो गेला की खारं पाणी आत येतं, आणि मग कितीतरी वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. उन्हाळ्यात माती पांढरी पडते. आमचं शेत सगळ्यात खोलगट, बांधाला चिकटून. घरचा वर्षाचा तांदूळ त्यातनं निघायचा. मी कंपनीत कामाला. सातबारा माझ्या नावावर, शेत तिचं.

बांध घराघरांत वाटलेला होता. ह्या दगडापासून त्या बाभळीपर्यंत अमक्याचा, पुढे तमक्याचा. उधाण यायच्या आधी प्रत्येक घराने आपला तुकडा चालून बघायचा. चिंबोऱ्या बांध पोखरतात. बीळ दिसलं की तिथून हलायचं नाही, टाच आत दाबून उभं राहायचं आणि हाक मारायची. दुसरं कोणी चिखल-पेंढा घेऊन आलं की मगच पाय काढायचा. ह्याचे पैसे कोणी मागत नव्हतं, देत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. पोरं कंपन्यांत, रिक्षांवर गेलेली. बांध चालायला म्हातारी माणसं आणि बायका उरलेल्या, बांध खचत चाललेला. तेव्हा कळलं की असल्या बांधांना सरकारी पैसा मिळतो. गावाने कमिटी केली. मला सही करता येते म्हणून मलाही घेतलं.

चार-पाच वेळा डोंबिवलीहून लोकलने ठाण्याच्या कचेरीत गेलेलो. तिथला साहेब कोकणातला, बरा माणूस. पहिल्यांदा त्यानेच चहा पाजला.

"बांध फुटलाय का तुमचा?" त्याने विचारलं.

"फुटला नाही, खचलाय."

"मग कसं व्हायचं? अर्ज दुरुस्तीचा, आणि मोडलेलं काहीच नाही. वरती काय लिहू? मी येतो बघायला, गणपतीच्या आधी, सोमवारी. पण काहीतरी दिसलं पाहिजे हो मला."

ते वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आलो.

शनिवारी ती बांध चालून आली आणि जेवताना म्हणाली, आपल्या तुकड्यात बीळ होतं, मूठ जाईल एवढं.

"बुजवलंस?"

"मग काय पूजा करू त्याची?"

"अगं, सोमवारी साहेब येतोय. त्याला दाखवायला तेवढंच होतं."

"अवो, बीळ हाय ते. पोरगी हाय का दाखवाला?"

मी ताटावरून उठलो आणि बांधावर गेलो. ती मागोमाग आली. तिने घातलेला चिखल-पेंढा मी हाताने उपसून काढला. ती वाकून परत भरायला लागली तेव्हा मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "पैसा आला की सगळा बांध नवा होईल."

तिने हात धुतले आणि घरी गेली.

सोमवारी साहेब आला नाही. नाक्यावरून कचेरीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, साहेबांच्या गावाला घरी गणपती आहेत, विसर्जन झाल्यावर येतील. मी म्हटलं, ठीक आहे. इतके दिवस थांबलो, अजून थोडे. ती रोज विचारायची, "आला तुमचा साहेब?" मग तिने विचारायचं सोडलं. तिने चोरून बुजवलं असतं तर मला कळलंही नसतं. पण मी नको म्हटलेलं, म्हणून नाही बुजवलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुनव. आदल्या दिवशी नाचून गाव दमलेलं, बांधावर कोणी फिरकलं नाही. मी पहिल्या पाळीला गेलेलो. दुपारच्या भरतीला बांधाला खांड पडली, बैलगाडी सहज जाईल एवढी, आमच्या तुकड्यात, त्याच जागी. मी चारला आलो तेव्हा भरती उतरत होती. भात पोटरीत आलेलं, सगळं आडवं, वर खाडीचा गाळ. आमचं, आणि मागची बावीस घरांची शेतं.

ती बांधाच्या तुटलेल्या टोकाशी बसलेली. मला बघून म्हणाली, "जेवन झाकून ठेवलंय."

मी घरी जाऊन जेवलो.

साहेब आठ दिवसांनी आला. फीत लावून खांड मोजली आणि कमिटीला म्हणाला, "वाईट झालं, पण आता केस भक्कम आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

पैसा मंजूर होऊन यायला दोन वर्षं गेली. तोवर दर उधाणाला पाणी आत-बाहेर करत राहिलं. बांध मात्र चांगला झाला, खोटं कशाला बोलू. मुरूम, वर दगड, नवी उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. ती मला म्हणाली, साहेबाला विचारा, जमिनीतलं मीठ काढायला काही मिळतं का. मी विचारलं. तो म्हणाला, "त्याला तरतूद नाही हो. आमचं काम बांधापर्यंत." दरवर्षी बांध चालून बघायलाही तरतूद नव्हती. आणि बांध सरकारचा झाला म्हटल्यावर गावाने चालणं सोडलं.

ती एकटी चालायची. आपला तुकडा, मग सगळाच.

जमीन तिने पावसाच्या पाण्याने धुतली. शेतात लहान-लहान वरंबे घालायची, पाणी अडवायची, त्यात पायाने माती ढवळायची, आणि ओहोटी लागली की उघाडीतून सोडून द्यायची. परत अडवायची. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असायचो. बाजूवाल्यांनी शेतं पडीक टाकलेली, दोघांनी इमारतवाल्यांना विकून टाकलेली. त्यातला एक जाता-येता म्हणायचा, "वहिनी, मिठागर काढा, भातापेक्षा जास्त सुटेल."

"काढते ना," ती म्हणायची. "पयलं मीठ तुमच्याच कालवनात."

खाऱ्या जमिनीत तगतं ते लाल भात, राता, तिने पेरलं. पहिल्या वर्षी जळालं. दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढं झालं आणि फोल निघालं. तिसऱ्या वर्षी दाणे धरले. फार नाही. त्या तांदळाच्या भाकऱ्या तिने केल्या तेव्हा मी दोन खाल्ल्या. चांगल्या होत्या. तसं मी म्हटलं नाही.

खांडीबद्दल ती मला एका शब्दाने बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या. मीही विषय काढला नाही. आज काढीन, उद्या काढीन, असं म्हणत वर्षं गेली. मग ती आजारी पडली, मग औषधांचंच बोलणं.

त्या तिसऱ्या वर्षी कापणीच्या दिवसांत साहेब परत आला होता. कॅमेरा घेऊन आलेला. खारटलेली जमीन परत पिकली, हे त्याला अहवालात घालायचं होतं, म्हणजे दुसऱ्या गावांना पैसा सुटला असता. तिला शेतात उभं करून त्याने फोटो काढला. मग वही उघडली.

"मावशी, तेव्हा बांध फुटला कसा? म्हणजे मला नीट लिहिता येईल."

ती पदराला हात पुसत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"उधान मोठं होतं," ती म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळला. "हो ना?"

"हो," मी म्हणालो. "मोठं होतं."

त्याने लिहून घेतलं.

मोठं नव्हतं. दर पुनवेला येतं, तेवढंच होतं.