गोजरबाईची माफ न झालेली फी

मोताळ्याजवळच्या खेड्यातली गोजरबाई आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर जन्मभर जळत आली आहे, आणि तेही उघड उघड. बहीण वंदना नांदुऱ्याला शिक्षिका. ती आली की गोजरबाई चहात मुद्दाम साखर कमी घालते.

गोजरबाई सातवी पास झाली तेव्हा हायस्कूलला फी होती, म्हणून बापानं तिला घरी बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरवलं, आणि मेलं त्याच जूनमध्ये सरकारनं मुलींची फी माफ केली! ज्या आठवीत जेमतेम दोन-तीन पोरी दिसायच्या, तिथं बाकं पुरेनात. पोरी सतरंजीवर बसल्या. वंदनाही गेली, गोजरबाईचाच निळा स्कर्ट घालून. ठरलेली पोरगी शाळेत धाडली तर सोयरे काय म्हणतील, म्हणून गोजरबाई घरीच. वंदनाच्या वाटचं शेणपाणीही तिच्याच अंगावर पडलं. फी माफ झाली, काम कोणी माफ केलं नाही. तो स्कर्ट दोरीवर वाळताना दिसला की तिला रडू यायचं.

यंदा कापूस वेचणीला सून आणि गोजरबाई दोघी जाणार, मग तान्ह्या नातवाला कोण पाहणार? मुलगा गोकुळ म्हणाला, "माय, छकुलीले घरी ठिवू. शायेले फी थोडीच लागते? बुडाली तं बुडाली."

छकुली त्याची मोठी पोरगी, आठवीतली. बसू दे तिलाही, मी नाही का बसले, असं गोजरबाईच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं.

तेवढ्यात भेटायला आलेली वंदना म्हणाली, "ताई, मंग छकुलीले मीच नेते नांदुऱ्याले. माह्याजवळ शिकंल."

गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "स्कर्ट नेला, आता नात बी नेतं का वं? नाई भेटत! मी वेचणीले जात नाई. लेकराले मी सांभायतो. पोरगी माह्याच घरून शायेत जाईन!"

दुसऱ्या सकाळी तिनं छकुलीची वेणी करकचून घातली.

"आजी, दुखते ना!"

"दुखू दे."

नातवाला कडेवर घेऊन ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली. घंटा झाली. छकुली मैत्रिणींच्या घोळक्यात पळाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गोजरबाईच्या पोटात तेच जुनं दुखलं. आता तिला जळायला दोघी झाल्या, बहीण आणि नात.